गयाबाईंचा कंडक्टर आणि नऊ नंबरची टेप

मला सर्व्हर चालवता येत नव्हता.

हे वाक्य मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, भागीदाराला नाही, आणि नव्वदच्या दशकापासून नाशकात ज्या मुलामुलींना मी कॉम्प्युटर शिकवला त्यांना तर नाहीच नाही. गंगापूर रोडला पहिल्या मजल्यावर माझा क्लास होता. जिन्याच्या तोंडाशी ‘संगणक तज्ज्ञ’ अशी पाटी होती. पाटी मीच रंगवून घेतली होती, शब्दही मीच निवडला होता.

संपादकांनी ‘धंद्यातल्या गमतीजमती लिहा’ असं सांगितलं. गमती पुष्कळ आहेत. पण त्यातली जी सगळ्यात मोठी, जिच्या आठवणीने आजही मला खुर्चीत बसवत नाही, तिच्याच पोटात हे वाक्य आहे. म्हणून ते आधी बाहेर काढलं.

दोन हजार सालानंतर गल्लोगल्ली क्लास निघाले, तसा मी वेबसाइट बनवण्याच्या कामाकडे वळलो. या धंद्यात गिऱ्हाइकाला सगळ्यात अवघड समजावायची गोष्ट म्हणजे होस्टिंग. मखमलाबादकडचे एक गुलाबवाले काका होते. त्यांच्या नर्सरीची साइट केली आणि म्हटलं, “काका, आता जागा घ्यावी लागेल.”

“जागा? कुठं?”

“अमेरिकेत.”

“किती?”

“शंभर एमबी.”

“गुंठ्यात सांगा.”

मी समजावलं. तुमची पानं, तुमचे फोटो कुठल्यातरी मशीनवर ठेवावे लागतात. ते मशीन दिवसरात्र चालू असतं, जगातून कुणीही मागितलं की पान काढून देतं. त्या मशीनला सर्व्हर म्हणतात, आणि त्यावरची जागा भाड्याने घेणं म्हणजे होस्टिंग. काकांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “मग सातबारा माझ्या नावावर निघणार नाही?”

“नाही, भाड्याची आहे.”

“मग आधी सांगायचं ना, भाड्याची हाय म्हणून. उगा अमेरिका-अमेरिका करताय.”

हसलो होतो तेव्हा. पण ‘भाड्याची आहे’ हे आधी सांगायला हवं, एवढं त्या माणसाला बरोबर कळलं होतं.

सुदाम माझ्याकडे आला तो २००६च्या सुमारास. सायखेड्याचा, माझ्याहून सहा-सात वर्षांनी लहान, लग्नाची शूटिंग करायचा. निफाड-चांदवड पट्ट्यातली निम्मी लग्नं त्याच्या कॅमेऱ्यात असायची. सीडीची कव्हरं छापून घ्यायला माझ्याकडे येई. नाशकात ब्रॉडबँड नुकतंच घरोघर येत होतं. एके दिवशी मी एका परदेशी साइटवर कुणीतरी आपल्या कुत्र्याला आंघोळ घालतोय, असा व्हिडिओ बघत होतो. सुदाम माझ्या खांद्यावरून वाकला.

“सर, हे कोण बघतं?”

“जग बघतं. खालचा आकडा बघ.”

त्याने आकडा बघितला. मग खुर्ची ओढून बसला. “कुत्र्याची आंघोळ जग बघतंय, आणि मी टेपवरून सोनं पुसून टाकतो!”

पुसून टाकतो म्हणजे काय, ते सांगायला हवं. तेव्हाचे कॅमेरे छोट्या टेपवर शूटिंग करायचे. टेपा महाग. त्यामुळे सगळ्या शूटिंगवाल्यांची एकच रीत होती: डझनभर टेपा ठेवायच्या, व्हाइटनरने नंबर घालायचे, लग्न कापून-जोडून सीडी गिऱ्हाइकाच्या हातात दिली की टेप ‘मोकळी’ करायची, म्हणजे तिच्यावरच पुढचं लग्न घ्यायचं. सीडीत न आलेलं सगळं त्याखाली पुसलं जायचं. आणि सीडीत काय यायचं नाही? तर बायकांचं. हळदीच्या दुपारी पुरुष मंडळी मांडवाच्या कामाला पांगली की बाया दार लोटून सोंगं काढायच्या, नकला करायच्या. सुदाम घरचाच, त्याला कुणी बाहेर काढत नसे. पण सीडी करताना घरातला कर्ता माणूस बजावायचा, तो चावटपणा नको.

सुदामने पिशवीतून नऊ नंबरची टेप काढली. “ही अजून मोकळी केली नाय. हात होईना. बघा.”

ती त्याच्या चुलतीची, गयाबाईंची. नातीची हळद होती. साठीची बारीक बाई, नऊवारी, गळ्यात पुरुषाची चामडी पिशवी अडकवलेली आणि हातात अडकित्ता. अडकित्त्याने ती तिकिटं पंच करत होती. खट्, खट्. नाशिक-सायखेडा एसटीचा कंडक्टर!

“चला, पुढं सरका, पुढं सरका! ओ मामा, कोथिंबिरीची जुडी मांडीवर घेतली म्हंजी फुकट का? तिला बी तिकीट लागंल! सुट्टे काढा. नोट दावू नका, मी काय बँक हाय? आन् ताई, हे पोरगं पाच वर्साचं? मिशा फुटल्यात की त्याला! चांदोरी, चांदोरीवाले उतरा... उतरा म्हन्लं, नवरी हाय का उतरून घ्यायला!”

चार मिनिटं. मी एवढा हसलो की शेजारच्या झेरॉक्सवाल्याने येऊन पाणी दिलं. त्याच दिवशी साइटचं नाव ठरलं: ‘गावपडदा’. गावच्या लोकांनी काढलेले, गावच्या लोकांचे व्हिडिओ, कुणीही पाठवावेत, कुणीही बघावेत. शूटिंगवाल्यांशी ओळख सुदामची, कॉम्प्युटरचं काम माझं.

गयाबाईंना सुदामने विचारलं, तर त्या म्हणाल्या, “टाक की. मला काय आता कुनी बघायला येनार हाय?” त्यांचा मुलगा नामदेव जरा घुम्या, आईचा चावटपणा सीडीत नको असं त्यानेच सांगितलं होतं. पण आईपुढे त्याचं चालत नसे.

आता माझं काम. होस्टिंग निवडणं.

काय दिवस होते ते! मी वही केली, तीन रकाने आखले. व्हिडिओच्या साइटला दोन गोष्टी लागतात. एक, ठेवायला जागा. दुसरी, जी नवखे विसरतात, ती म्हणजे वाहतूक. एक व्हिडिओ हजार जणांनी बघितला, तर तो हजार वेळा दारातून बाहेर जातो. गोडाऊन केवढं आहे याहून दार केवढं आहे हे महत्त्वाचं. मुंबईची एक कंपनी होती, तिचं मशीन आपल्या देशात, वेग उत्तम, पण दार इतकं अरुंद आणि महाग की पाचशे लोकांनी बघितलं तर आमचा बाजार उठला असता. दुसरा मार्ग, अमेरिकेत अख्खं मशीन आपल्या एकट्यासाठी भाड्याने घ्यायचं. दार रुंद, भाडं आवाक्यात. फक्त ते मशीन आपलं आपण चालवायचं. तिसरा, ‘अमर्याद जागा, अमर्याद वाहतूक’ असं मोठ्या अक्षरात लिहिलेला स्वस्त प्लॅन. एकाच मशीनवर शेकडो गिऱ्हाइकं, आणि सगळं रंगीत बटणांवर चालतं.

तिसऱ्याची गोम मला चांगली ठाऊक होती. खाणावळीतल्या ‘पोटभर थाळी’सारखं ते असतं. मालक हिशेब करतो की माणूस चार-पाच पोळ्या खाईल. एखादा तालमीतला गडी रोज यायला लागला की मालक हात जोडून दार दाखवतो. मी हे सुदामला असंच समजावलं होतं, खडूने फळ्यावर चित्र काढून. आम्ही दुसरा मार्ग नक्की केला. स्वतःचं मशीन! सुदामने पेढे आणले. सायखेड्यात सांगून आला, “अमेरिकेत सरांनी मशीन घेतलं.”

मशीन मिळालं. कंपनीचं पत्र आलं, त्यात एक पत्ता आणि एक पासवर्ड. मी तो घातला आणि पडदा काळा झाला. काळ्या पडद्यावर एक पांढरी रेघ लुकलुकत होती. बस. बटण नाही, खिडकी नाही, चित्र नाही. ती रेघ माझ्या हुकमाची वाट बघत होती, आणि मला हुकूम येत नव्हते.

मी खिडक्या आणि बटणांवर वाढलेला माणूस. ही लिनक्सची भाषा मी कधी शिकलो नव्हतो. दोन-तीन वर्षांपूर्वी पेठहून येणारी मनीषा नावाची मुलगी वर्गात विचारायची, “सर, लिनक्स कधी घेणार?” मी म्हणायचो, “आपल्या अभ्यासक्रमात नाही.” ती पुढे स्वतःच शिकली आणि पुण्यात त्याच कामावर लागली. तिचा नंबर माझ्या डायरीत होता.

सुदाम चहा घेऊन शेजारी बसला होता. “सर, काळंच दिसतंय.”

“तयार होतंय.”

दोन दिवस ते तयार होत होतं. तिसऱ्या दिवशी, सुदाम एका लग्नाला गेलेला असताना, मी ते मशीन परत केलं आणि अमर्याद थाळी घेतली. तिच्या अटी वाचल्या. खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं: व्हिडिओच्या साइट चालणार नाहीत, इतरांना त्रास होईल इतका वापर झाल्यास खातं बंद, फाइलींची दुसरी प्रत ठेवणं ही गिऱ्हाइकाची जबाबदारी. वाचलं नव्हतं असं म्हणायची सोय मला नाही. वाचलं होतं. नाशिकच्या चार व्हिडिओंकडे कोण बघतंय, असं म्हणून ‘मान्य’वर टिचकी मारली.

सुदामला सांगितलं, “झालं मशीन तयार.”

गयाबाईंचा व्हिडिओ चढायला दुपार गेली. मध्येच लोडशेडिंग, मग पुन्हा पहिल्यापासून. चढला, तेव्हा सुदामने स्वतःच्या हाताने तो चालू केला. अमेरिकेतल्या मशीनमधून गयाबाई ओरडल्या, “पुढं सरका!” आम्ही दोघे वर्गात नाचलो. खरंच नाचलो, पोरांसमोर.

मग जे सुरू झालं! आठवड्यात मस्कतहून ई-मेल आला. निफाडचा मुलगा होता, लिहिलं होतं, ‘आमच्या खोलीत सात जण आहेत, कामावरून आलो की आधी गयाबाई लावतो.’ सुदामच्या ओळखीचे शूटिंगवाले टेपा घेऊन यायला लागले. चांदवडच्या एकाने कांदा लिलावातल्या पुकाऱ्याची नक्कल आणली, सटाण्याच्या बाजूच्या एका आजीने अहिराणीत जावयाला दिलेल्या शिव्या आणल्या. माझ्या कॉम्प्युटरवर टेप उतरवायची, लहान फाइल करायची, चढवायची, जागा हवी म्हणून इथली पुसायची. सकाळी क्लास उघडला की चप्पल न काढता आधी आकडा बघायचा. सुदाम फोन करायचा, “सर, किती झाले?” मी सांगायचो. पलीकडे तो बसमध्ये असला तर सगळ्या बसला सांगायचा.

एके दिवशी खाकी कपड्यातला एक खराखुरा कंडक्टर जिना चढून आला. “ती बाई कुठाय, जिनं आमची नक्कल केली?” माझी पाचावर धारण. मी मुकाट्याने लावून दिलं. त्याने तीनदा बघितलं. तिसऱ्यांदा डोळे पुसत म्हणाला, “अहो, हा मीच हाय! पण मी अडकित्ता नाय वापरत.” त्यानंतर सायखेड्याच्या गाडीत गयाबाईंना पुढची जागा राखलेली असायची. त्या बसल्या की म्हणायच्या, “चला, मालक आले, सोडा गाडी.” नामदेवही खुलला. बाजारात लोक ‘कंडक्टरचा मुलगा’ म्हणून हाक मारत, तर हसायचा.

याच धांदलीत सुदाम एक दिवस म्हणाला, “सर, नऊ नंबर मोकळी करू का? चांदवडचं लग्न हाय, टेप कमी पडतीय. मशीनवर हाय ना नीट? दुसरी प्रत असंल ना त्यांच्याकडं?”

मी दुसरी एक फाइल चढवत होतो. मान न वळवता म्हणालो, “आहे. कर मोकळी.”

पुढे एका स्थानिक पेपरात ‘गावपडदा’बद्दल चौकट आली. त्या सकाळी आकडा असा पळायला लागला की आम्ही मिसळ मागवली ती तशीच राहिली. अकराच्या सुमारास मी पान पुन्हा उघडलं, तर गयाबाई नाहीत. आमचं नावही नाही. पांढऱ्या पानावर इंग्रजीत एकच ओळ: हे खातं बंद करण्यात आलं आहे.

सुदाम जिन्याखाली लोकांना पेपर दाखवत होता.

कंपनीच्या मदतनिसाशी टाइप करून बोललो. तो फार सभ्य होता. म्हणाला, तुम्ही अटी मोडल्या आहेत, तरी फाइली सात दिवस ठेवतो. स्वतःचं मशीन घेऊन तयार करा, फाइली तिकडे हलवायला आम्ही मदत करू.

सात दिवस. म्हणजे सगळं जिवंत होतं. जे मी कुणाला सांगितलं नाही, ते हेच. मी पुन्हा मशीन घेतलं, पुन्हा काळा पडदा, पुन्हा ती लुकलुकती रेघ. एक जाडजूड पुस्तक आणलं आणि ठरवलं, सात दिवसांत शिकायचं, सगळं परत आणायचं, कुणाला कळूही द्यायचं नाही. मनीषाचा नंबर रोज डायरीत बघायचो. तिला फोन करणं म्हणजे ‘अभ्यासक्रमात नाही’चा खरा अर्थ तिला सांगणं. निदान गयाबाईंची एक फाइल तेवढी द्या, असं त्या मदतनिसाला म्हणता आलं असतं. तेही म्हटलं नाही, कारण मला सगळंच परत आणून दाखवायचं होतं. सात दिवसांत काही जमलं नाही. आठव्या दिवशी विचारलं, तर तो तितक्याच सभ्यपणे म्हणाला, तुमच्या नावाने आमच्याकडे आता काही नाही.

सुदामला आठवडाभर ‘दुरुस्ती चालू आहे’ म्हणत होतो, मग सांगितलं, अमेरिकेत पूर आला, मशीन बुडालं.

गोदावरीकाठच्या माणसाला पुराबद्दल शंका येत नाही. तो उलट मलाच म्हणाला, “सर, तुमची केवढी मेहनत गेली.”

चार-पाच महिन्यांनी गयाबाईंना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. नामदेवचा निरोप आला, आईचं ते कंडक्टरचं काहीही करून द्या, घरात तिचा आवाज नाही. आम्ही दोघे सायखेड्याला गेलो. गयाबाई ओट्यावर खाटेवर होत्या. आम्हाला बघून त्यांनी डाव्या हाताची दोन बोटं दोनदा मिटली. खट्, खट्. तिकीट.

मी पुराचं सांगितलं. नामदेवने ऐकून घेतलं. मग म्हणाला, “मशीन बुडालं ते बुडालं. टेप कुठाय? टेप तर सुदामकडं होती.”

मी हातातल्या चहाकडे बघत होतो. सुदाम म्हणाला, “दादा, टेप मी मोकळी केली. चांदवडचं लग्न घेतलं तिच्यावर. माझीच चूक हाय.”

“माझ्या आईवर दुसऱ्याचं लग्न घेतलं तू?”

“हो, दादा.”

“ऊठ. पुन्हा या ओट्यावर चढू नको.”

सुदाम उठला. ‘सरांनी सांगितलं होतं’ हे त्याच्या तोंडातून आलं नाही, आणि माझ्या तर नाहीच. मी चहा संपवला. चहा संपवल्याचं मला अजून आठवतं. परतताना बसमध्ये मी म्हणालो, “सुदाम, तू कशाला अंगावर घेतलंस?” तो म्हणाला, “जाऊ द्या सर. टेप माझ्याच हातानं गेली. तुम्ही काय करणार, पूर आला त्याला.”

गयाबाई वर्षभरात गेल्या. सुदामला खांदा देऊ दिला नाही. त्याने कॅमेरा विकला, आता रोपवाटिका चालवतो. चुलतभावांची घरं समोरासमोर आहेत, आणि लग्नकार्याची पत्रिकासुद्धा अंगण ओलांडत नाही.

नंतर एकदा मनीषा भेटली. मी तिला ‘एका ओळखीच्या माणसाची’ गोष्ट म्हणून सगळं सांगितलं. ती म्हणाली, “अर्ध्या तासाचं काम होतं, सर. त्यांनी कुणाला विचारलं का नाही?”

मी म्हणालो, “काय माहीत.”

‘गावपडदा’ची वही अजून माझ्याकडे आहे, तीन रकान्यांची. दुसऱ्या रकान्याभोवती लाल पेनाने गोल आहे, शेजारी सुदामच्या अक्षरात ‘आपलं मशीन’ असं लिहिलेलं आहे. ती वही उघडली की त्या सकाळचा पळता आकडा मला दिसतो आणि अजूनही छाती धडधडते. तसले दिवस माझ्या आयुष्यात पुन्हा आले नाहीत, हेही खरंच आहे.

लिहून मोकळं होणं सोपं असतं, हे मला लिहिताना कळलंय. हा अंक सायखेड्यात कुणी वाचेल न वाचेल. पूर आला नव्हता. टेप पुसायला मी सांगितलं होतं. सात दिवस हातात होते, ते मी घालवले. ही तीन वाक्यं नामदेवच्या ओट्यावर उभं राहून, सुदामला शेजारी घेऊन, मला मोठ्याने बोलायची आहेत. ती मी अजून बोललेलो नाही. सुदामचं एवढं देणं मी लागतो.